अर्थिंगला रोज एक तांब्या

"घरून निघताना बॅटरी शंभर टक्के." विजेच्या गाडीवाल्यांच्या आमच्या ग्रुपमधला हा पहिला नियम. नवीन माणूस आला की आधी त्याला हे ऐकवतात, मग त्याचं नाव विचारतात. मीसुद्धा त्या शनिवारी सकाळी मानेवाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून निघालो तेव्हा पडद्यावर शंभरचा आकडा होता आणि मागच्या सीटवर दोन एक्स्टेंशन बोर्ड होते.

जायचं होतं नरखेड तालुक्यातल्या एका गावी, नागपूरहून साधारण शंभर किलोमीटर. माझी गाडी छोटी, जुन्यात घेतलेली. शेजारचा सोनार तिला 'मिक्सर' म्हणतो. कंपनीच्या कागदावर ती भरपूर धावते, पण मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खात असताना आपण शहाण्यासारखं हळू चालवलं, तर एकशे साठ-सत्तर. म्हणजे जाणं जमत होतं, येणं जमत नव्हतं. ज्यांना या बाजूला विजेची गाडी घेऊन जायचं आहे त्यांनी हे गणित आधीच करून ठेवावं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे वाचाल तेव्हा कळेल. दिलं तर तुम्ही सगळे आपापल्या वायरी घेऊन तिथे पोचाल.

त्या गावात माझी बायको राहते. सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी बदलीत हे गाव मिळालं. माझं सक्करदऱ्यात चष्म्याचं दुकान, ते काही उचलून नेता येत नाही. मग ठरलं, ती शनिवारी सकाळची शाळा आटोपून एसटीने यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. मीही दोन-तीनदा एसटीने गेलो, पण दुकान बंद करून पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि रविवारी जेवलो की परतीची गाडी धरायची. पाहुण्यासारखं वाटायचं ते. नंतर तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, एसटीचे धक्के कमी करा. दर शनिवारचं पंधरा दिवसांवर गेलं, पंधरा दिवसांचं महिन्यावर. मुलगी पुण्यात नोकरीला. घरात मी एकटा. कुकरमध्ये मूठभर तांदूळ टाकताना कुकरचीच लाज वाटते, इतकं ते घर रिकामं झालं.

दिवाळीला गाडी घेतली ती याच्याचसाठी. पण चार्जिंगचा नकाशा उघडला की काटोलच्या पुढे एकच हिरवा ठिपका दिसायचा, आणि माझा धीर तिथेच सुटायचा. या शनिवारी, पुढच्या शनिवारी, करता करता जानेवारी संपत आला. यंदा तिला बदली मागता येणार होती, नागपूरच्या जवळ येता येणार होतं. फोनवर मी विचारलं, "मागशील ना?"

"तुम्ही या," ती म्हणाली, "मग बोलू."

चार वर्षं फोनवर संसार केलेल्या माणसाला आवाजातलं कळतं. तो आवाज मला आवडला नाही. एका ठिपक्याच्या भरवशावर निघालो ते या उत्तरासाठी.

शनिवार

काटोल नाक्यावर तर्री पोहे खाल्ले. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी तर्री बाजूला मागावी. दुकानदार तुच्छतेने बघतो, पण देतो. पुढे गोरेवाडा, फेटरी, कळमेश्वर. रस्ता चांगला आहे. कळमेश्वर सोडलं की गर्दी मागे पडते, दोन्ही बाजूंना कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, मग हळूहळू संत्र्यांचे बगीचे. काच खाली केली. काटोलच्या अलीकडे कुठेतरी संत्र्याच्या फुलांचा वास पहिल्यांदा आला. तो वास मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही. येतो, जातो, आपण काच आणखी खाली करतो. सुनंदा एसटीने घरी यायची तेव्हा या दिवसांत तिच्या साडीला हा वास असायचा. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. धुळीचं नाव सांगून पुसलं. सांगायला गाडीत कुणी नव्हतं तरी.

हिरवा ठिपका म्हणजे एका मोठ्या गावाबाहेरचं मंगल कार्यालय निघालं. (याचंही नाव नको.) मालकाने हौसेने आवारात चार्जर बसवलेला. मी पोचलो तेव्हा चार्जरच्या खांबाला झेंडूचं तोरण होतं, आणि चार्जरसमोर वरातीचा बँजो घेऊन एक गाडी उभी. मी मॅनेजरला गाठलं.

"आज नाही जमत भाऊ," तो म्हणाला. "लग्न हाय. कूलर, लाइटिंग, सैपाकाचं मिक्सर, सारं त्याच लाइनवर. तुमची गाडी लावली तं नवरदेवाचा माइक बंद पडन."

"पण ॲपवर तर चालू दाखवतंय."

"चालूच हाय ना. लग्न नसलं का चालूच राह्यते."

"आणि लग्न कधी नसतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "आता तं सीझन हाय," म्हणाला.

मी तिथेच डोकं धरून उभा होतो, तर फेट्यातले एक म्हातारे काका आले, माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला, कपाळाला गंध लावलं आणि विचारलं, "कोनाकडचे तुम्ही? नवऱ्याकडचे का नवरीकडचे?"

"मी चार्जिंगकडचा," मी म्हटलं.

"असू द्या. जेवल्याबिगर जाऊ नका."

आमच्याकडे दुपट्टा अंगावर पडला की तुम्ही पाहुणे झालात, मग खरं-खोटं कुणी विचारत नाही. मी पंगतीत बसलो. आलू-वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात, कढी, बुंदी. भाजी अशी की चार्जिंग विसरलो. शेजारच्या पाटावर एक जोडपं होतं, आमच्याच वयाचं. ती त्याच्या पानातली बुंदी न विचारता स्वतःच्या पानात घेत होती, आणि तो न बघता तिच्या पानातली मिरची उचलत होता. मी खाली मान घालून जेवलो.

बॅटरी पंचावन्नच्या आसपास होती. इथून मागे फिरलो तर जेमतेम घरी पोचत होतो. पुढे गेलो तर परत यायची खात्री नव्हती. ग्रुपवर विचारलं असतं तर सगळ्यांनी एका सुरात "मागे फिरा" सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही. गाडी पुढे काढली.

शेवटचा पट्टा अरुंद आहे, कडेचं डांबर उखडलेलं. संत्र्याने भरलेल्या गाड्या समोरून आल्या की थांबून वाट द्या, उगाच मर्दानगी दाखवू नका.

सुनंदाचं बिऱ्हाड गावाच्या टोकाला आहे, गुणवंतराव नावाच्या बागायतदाराच्या घरात. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. ती ओसरीतच उभी होती. मी उतरलो, खांद्यावर तो लग्नाचा दुपट्टा तसाच.

"कोनाचं लग्न लावून आले?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी भेटल्यावर माणसं काय बोलतात मला माहीत नाही. आम्ही दुपट्ट्यावर हसलो. ती थोडी बारीक झाली होती, आणि हसताना कंबरेवर हात ठेवत होती.

मी मागच्या सीटवरून एक्स्टेंशन बोर्ड काढले आणि भाषण सुरू केलं, की बघ, साधा प्लग चालणार नाही, पावर प्लग लागेल, घरमालकांना विचारावं लागेल. ती म्हणाली, "ते राहू द्या मागं." आणि मला ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. भिंतीवर नवा पावर प्लग होता. जाड वायर, वेगळा एमसीबीचा खटका, वर पावसासाठी पत्र्याची छोटी टोपी. मी वायर लावली. गाडीवर हिरवा दिवा लागला. खेड्यात हे सहसा होत नाही. अर्थिंग नसेल तर आमच्या गाड्या लाल दिवा दाखवून रुसून बसतात.

"अर्थिंग कोणी केलं?"

"वायरमननं."

"कधी?"

"झाले काही दिवस. चहा घ्या आधी."

तेवढ्यात गुणवंतराव आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली. "काहून गा भाऊ, ह्याच्यात पेट्रोल नाही तं डबकी घेऊन पंपावर धावाची पंचाईतच नाही! मंग सर्विसिंगवाल्यानं काय खावं?" संध्याकाळी सुनंदाने पाटवडीचा रस्सा केला. बदलीचा विषय मी तीनदा तोंडापर्यंत आणला, तिने तिन्ही वेळा मला भाकरी वाढली.

रविवार

सकाळी उठून आधी गाडीकडे गेलो. चाळीसच्या जवळ लावलेली, आता चव्वेचाळीस. रात्रभरात एवढंच! मी प्लगला, कंपनीला, सरकारला, सगळ्यांना बोलून घेतलं. गुणवंतराव दात घासत ऐकत होते.

"रात्री कशी चार्ज होईन ते? रात्रीची पाळी होती ना," ते म्हणाले.

मग समजावून सांगितलं. मोटारपंपाची लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. आणि हे दिवस तर ताण तोडायचे. संत्र्याच्या झाडाला महिना-दीड महिना पाणी बंद ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं की झाड फुलतं. ज्यांनी आधी ताण तोडला त्यांचे बगीचे फुलले होते, बाकीच्यांनी त्या रात्री एकाच वेळी मोटारी चालू केल्या होत्या. गावाच्या या टोकाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि वावरांची डीपी एकच. व्होल्टेज इतकं पडलं की माझी गाडी बंद-चालू, बंद-चालू करत राहिली. तेव्हा मंडळी, नरखेडच्या बाजूला जानेवारीत जाणार असाल तर चार्जरच्या आधी पंपांची पाळी विचारा. हे कुठल्याही ॲपवर नाही.

"मग आता दिवसा होईल?"

"होईन ना. लाइन राह्यली तं."

दहा वाजता लाइन गेली. लाइनमनला फोन केला, तो म्हणाला तारेवरच्या फांद्या तोडणं सुरू आहे, चारपर्यंत धरून चला. मी दुकानाशेजारच्या सोनाराला फोन करून सांगितलं, उद्या दुपारपर्यंत शटर बंद राहील. तो म्हणाला, "मिक्सर बिघडला का?" मी फोन ठेवला.

आणि मग करायला काहीच उरलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या गावात माझ्याकडे वेळ होता. ओसरीत खाटेवर बसलो. सुनंदा आंघोळ करून आली, तुळशीला पाणी घातलं. मग पुन्हा तांब्या भरला आणि ओसरीच्या बाजूला विटा लावलेला एक लहानसा खड्डा होता, त्यात सावकाश ओतला. मी म्हटलं, तिथे काय लावलं आहेस?

घरमालकीण कुसुमबाई भिंतीपलीकडे वाळवण घालत होत्या. त्यांनाच हसू आलं. "अवं मास्तरीनबाई, सांगतलं नाही का वं तू ह्याइले?" मग मला म्हणाल्या, "तुमच्या गाडीचं अर्थिंग हाय ते. मीठ अन् कोयसा टाकून खड्डा केला. वायरमन सांगून गेला, माती वली राह्यली पाह्यजे, नाही तं करंट धरत नाही. तवापासून ही रोज तुळशीले एक तांब्या टाकते अन् तुमच्या खड्ड्याले एक. मी म्हनतो, तुळस तरी पावन, हा खड्डा कोनाले पावन?"

"तेव्हापासून म्हणजे केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, आली, अन् पयलं हेच काम केलं."

कुसुमबाई वाळवणाची परात घेऊन आत गेल्या. मी दिवाळीपासूनचे शनिवार आठवत बसलो. मी तिकडे नकाशावर ठिपके बघत होतो, आणि इकडे रोज एक तांब्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

ती पदराने हात पुसत खाटेवर बसली. "सांगितलं असतं तं तुम्ही प्लग आहे म्हणून आले असते. मले पाहायचं होतं, प्लग नसताना येता का."

आनंद झाला, खूप झाला. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मे महिन्यात बदली घेऊन गाव सोडून जाणारा माणूस दिवाळीत जमीन खणून अर्थिंग करत नाही. भाड्याच्या घरात तर मुळीच नाही. माझं उत्तर काल दुपारीच त्या भिंतीवर होतं. मी त्याला वायर लावून चहा प्यायलो होतो.

"तू बदली मागणार नाहीस," मी म्हटलं.

तिने रिकामा तांब्या खाटेखाली सरकवला. मग म्हणाली, "दोघं शिक्षक आहोत. दुसऱ्या सरांची ऑर्डर निघाल्यात जमा आहे. मी पण गेली तं नवीन माणूस येईपर्यंत शाळेले कुलूपच. पहिलीतली सात पोरं आता कुठं वाचाले लागली हो. चौथी होईपर्यंत राहते म्हणते मी."

"म्हणजे अजून तीन वर्षं."

"हो."

"आणि मी?"

आवाज चढला माझा. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्यासाठीच तं खड्डा खणला ना."

मी रागावलो. उठून बगीच्याकडे चालत गेलो. फुललेल्या झाडांखाली उभं राहून मनातल्या मनात भांडलो, जिल्हा परिषदेशी, त्या सात पोरांशी, तिच्याशी. पोरांशी भांडताना नावं माहीत नव्हती म्हणून अडलो. पांढऱ्या पाकळ्या शर्टावर पडत होत्या. गुणवंतराव फावड्याने पाण्याचा दांड नीट करत होते. मला बघून म्हणाले, "गाडी नाही चालू होऊन राह्यली का?" मी म्हटलं, लाइन नाही. ते म्हणाले, "येईन. बसा ना गा सावलीत." बसलो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दुपारी जेवून तिने मला शाळा दाखवली. बंद होती, पण किल्ली तिच्याकडेच. पहिलीच्या वर्गात भिंतीवर पोरांची चित्रं होती; एकात गाडी, तिला शेपटीसारखी लांब वायर आणि वायरच्या टोकाला घर. "मॅडमची गाडी येणार आहे, हे साऱ्या वर्गाले माहीत," ती म्हणाली. "सोमवारी सोमवारी विचारतात, आली का म्हणून." मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो.

लाइन चारच्या ऐवजी पाचला आली. हिरवा दिवा लागला. आम्ही ओसरीत बसून आकडा बघत राहिलो, जसं पूर्वी लोक दूध उतू जाईल म्हणून बसायचे. पंचेचाळीस. शेहेचाळीस. मला उगाच वाटत होतं, जरा सावकाश.

सोमवार

पंपांची रात्रीची पाळी संपली होती, म्हणून सकाळी ऐंशीच्या थोडं वर. पुरेसं होतं. शाळेची घंटा व्हायच्या आत मी निघावं असं ठरलं, पण पहिलीतल्या पोरांपर्यंत खबर घंटेच्या आधी पोचली होती. सातही जण गाडीभोवती, आपापलं नाव ओरडून सांगत. एकाने वायर हातात घेऊन बघितली, एकीने हॉर्न वाजवून घेतला. कुसुमबाईंनी संत्र्याची पिशवी ठेवली. वीज सुनंदाच्या वेगळ्या मीटरवर मोजली जाते, तिचा खर्च विचाराल तर एसटीच्या दोन तिकिटांपेक्षाही कमी आला असेल. या बाबतीत गाडीला नावं ठेवायला जागा नाही.

मी काच खाली केली. ती वाकली, कंबरेवर हात ठेवून.

"एक सांगू का?" हळूच म्हणाली. "पुढच्या वेळी इतकी भरून आणू नका गाडी."

"म्हणजे?"

"शंभर करून आले म्हणून लौकर भरली. थोडी रिकामी आणा."

घंटा झाली. ती पोरांना घेऊन शाळेकडे वळली आणि मी गाडी चालू केली. विजेच्या गाडीचा हा एक दोष मी आजवर कुठे लिहिलेला वाचला नाही: ती निघाली हे मागच्या माणसाला ऐकू येत नाही. तिने वळून पाहिलं तेव्हा मी बराच पुढे गेलो होतो.

परतीच्या वाटेवर त्या मंगल कार्यालयात पुन्हा एक लग्न होतं. दुपारी सक्करदऱ्यात शटर उघडलं, संध्याकाळी घरी आलो. कुलूप काढलं, मूठभर तांदूळ लावले. दुपट्टा खुर्चीवर टाकला, त्याला संत्र्याच्या फुलांचा वास होता. मला ती घरी हवी होती. अजूनही हवी आहे. तीन वर्षं हा आकडा कुठल्या बाजूने वाचला तरी कमी होत नाही, आणि त्या सात पोरांची नावं आता पाठ आहेत म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही.

हे लिहितोय तो शुक्रवार आहे. पार्किंगमध्ये जाऊन आलो. आमच्या बिल्डिंगचा चार्जर दणकट आहे, रात्रीत आरामात शंभर करतो. गाडी सत्तरवर आली आणि मी वायर काढून गुंडाळून ठेवली. ग्रुपवाल्यांनी हे वाचलं तर मला काढून टाकतील.

वर आलो तर तिचा फोन.

"किती झाली?"

"सत्तर."

ती हसल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "बरं. मी उद्या खड्ड्याले दोन तांबे टाकते."